सायकलची रिम : काय रंगवावे, काय सोडावे

वसईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडास सोडत नाहीत. एव्हरशाईन सिटीतील इमारतींखाली उभ्या असलेल्या सायकलींच्या पोलादी रिमांवर त्यामुळे गंज चढतो. रंगकाम घरी करता येते. मात्र हवा कोरडी हवी, म्हणून दिवाळीनंतरचा काळ उत्तम.

प्रथम टायर व ट्यूब उतरवावी. गंजाने पत्रा पोखरला असल्यास रिमच बदलावी. अन्यथा पॉलिश पेपरने घासून, थिनरने पुसून रेडऑक्साईडचा एक आणि रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. ब्रेकची रबरे जेथे घासतात, तो पट्टा रंगवू नये. तारेच्या ब्रेकमध्ये तो रिमच्या दोन्ही बाजूंस असतो. जुन्या सळईच्या ब्रेकमध्ये आतल्या, आऱ्यांकडील अंगास. तेथे रंग लागल्यास ब्रेकची पकड कमी होते आणि रंगही खरवडला जातो. म्हणून त्या पट्ट्यावर आधी चिकटपट्टी लावावी. तेथील गंज केवळ घासून काढावा.

रिमची शोभा थोडी उणी राहिली तरी हरकत नाही. नातवाची सायकल वेळेवर थांबली पाहिजे.