विजेच्या तारेतून इंटरनेट : डब्याची किल्ली बदलताना

ममादच्या जाड काँक्रीट भिंतीतून वाय-फाय नीट येत नाही. म्हणून मी पॉवरलाइनचे दोन डबे लावलेत: एक राउटरजवळ, दुसरा ममादच्या प्लगात. इंटरनेट घरातल्या विजेच्या तारांतूनच जातं.

पण तार आपल्या दारापाशी संपत नाही, सिग्नल कधीकधी शेजाऱ्याकडेही पोचतो. त्यासाठी डब्यात १२८ बिटांची गुप्त किल्ली असते. होमप्लग एव्ही जातीच्या पुष्कळ डब्यांत कारखान्यातून एकच किल्ली येते. ती न बदलणं म्हणजे सगळ्या इमारतीला एकच कुलूप!

सोपा उपाय डब्यावरचं बटण. बटण नसेल आणि आत क्वालकॉम अथेरॉसची चिप असेल, तर 'ओपन पीएलसी युटिल्स' ही फुकट साधनं आहेत. त्यात माऊस नाही, आज्ञा टाइप करायची. नातवंडांना जवळ बसवा.

१. संगणक केबलने डब्याला जोडा. 'पीएलसीटूल'ने त्याची सेटिंग्ज फाइलमध्ये उतरवा.

२. त्या फाइलची एक प्रत जपून ठेवा.

३. 'मॉडपिब'ने फाइलमध्ये नवी किल्ली घाला. पडताळणीची बेरीज तो स्वतःच जुळवतो. हाताने आकडे बदललेत तर ती चुकेल.

४. फाइल परत त्याच डब्यात लिहा. मग दुसऱ्या डब्यालाही असंच करून तीच किल्ली द्या.

एका डब्याची फाइल दुसऱ्यात कधीही घालू नका. प्रत्येक फाइलीत त्या डब्याचा स्वतःचा पत्ता असतो. दोघांचा पत्ता एक झाला, तर दोन्ही गोंधळतील आणि ममादमधला फोन गप्प बसेल.