परसातील कोंबड्या आणि क्रोशाची सुई

घरामागच्या परसात पाच-दहा कोंबड्या ठेवून, दिवसा त्यांना किडे, कोवळा पाला व सांडलेले दाणे वेचू द्यायचे आणि तिन्हीसांजेला खुराड्यात कोंडायचे, या पद्धतीला परसातील कुक्कुटपालन म्हणतात. तर आकडा असलेल्या एकाच सुईने दोऱ्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढत केलेल्या विणकामाला क्रोशा म्हणतात. एक काम चिखलामातीतले आणि दुसरे बोटांच्या नाजूक हालचालींचे असले, तरी एकाच व्यक्तीच्या दिनक्रमात ती दोन्ही सुखाने नांदतात, आणि त्याचे कारण या कामांच्या घडणीतच सापडते.

थोड्या कोंबड्यांसाठी लागणारे प्रत्यक्ष कष्ट फार नसतात. सकाळी खुराडे उघडणे, पाणी बदलणे, दाणे टाकणे, अंडी गोळा करणे आणि संध्याकाळी मोजून आत घेणे एवढ्यात ते आटोपतात. मात्र परसात कोणीतरी बसून असणे फार मोलाचे ठरते. खुडूक बसलेली, म्हणजे अंडी उबवण्यासाठी त्यांवर ठाण मांडलेली कोंबडी 21 दिवसांनी पिल्ले काढते, आणि ती पिल्ले घेऊन ती चरू लागली, की घार, कावळा, मांजर व मुंगूस यांचा घाला कोणत्याही क्षणी पडू शकतो. कळपात नवी कोंबडी आणली, की कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड पुन्हा ठरते. ही उतरंड नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लीफ श्येल्डरप-एबे यांनी 1920 च्या दशकाच्या आरंभी शास्त्रीय रीतीने मांडली. टोचाटोचीत रक्त निघाले, तर इतर कोंबड्याही त्याच जखमेवर तुटून पडतात, म्हणून पहिले काही दिवस लक्ष ठेवावे लागते. मानमोडी, म्हणजेच राणीखेत या विषाणुजन्य रोगावर उपचार नाही. वेळेवर दिलेली लस हाच त्यावरचा आधार आहे. तरीही एखादी कोंबडी पंख पाडून बाजूला बसली, दाण्याकडे वळेनाशी झाली किंवा हिरवट पातळ विष्ठा टाकू लागली, तर तिला त्याच दिवशी वेगळे करून पशुवैद्यकाला दाखवावे लागते, आणि हा बदल रोज न्याहाळणाऱ्या नजरेलाच लवकर कळतो.

अशा राखणीच्या वेळी हाती असलेले काम क्षणात खाली ठेवता आले पाहिजे. दोन सुयांच्या विणकामात कित्येक टाके एकाच वेळी सुईवर असतात आणि सुई निसटली, की ते ओळीने उसवू लागतात. क्रोशात मात्र बहुतेक वेळा एकच फास उघडा असतो, बाकीचे टाके पूर्ण होऊन बंद झालेले असतात. तो फास जरा मोठा ओढून ठेवला, की विणणारी व्यक्ती घारीमागे धावू शकते आणि परतल्यावर तोच फास आवळून पुढचा टाका घालू शकते. साखळी, मुका खांब आणि खांब या तीन टाक्यांत सुटे चौकोन विणून मागाहून जोडण्याची रीत तर तुकड्यातुकड्याने मिळणाऱ्या वेळासाठीच घडल्यासारखी आहे.

घरकाम सांभाळून होणाऱ्या या कलेने कधीकाळी चुलीही पेटत्या ठेवल्या आहेत. 1845 पासून बटाट्यावरील रोगामुळे आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला असता, मोनाहन परगण्यातील क्लोन्स येथे धर्मोपदेशकाच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी 1847 च्या सुमारास गरीब कुटुंबांसाठी क्रोशाच्या लेसचे काम सुरू केले. व्हेनिसच्या सुईकामाच्या लेसचे रूप क्रोशाने कितीतरी लवकर साधत असल्याने या लेसला गिऱ्हाईक मिळाले. त्या देशातील शेतकरी घरांत अंड्यांचा पैसाही बहुधा स्त्रियांच्याच हाती असे.

या जोडीत एक धोका मात्र खरा आहे, तो दोऱ्याचा. कोंबडी जमीन उकरत चालते, त्यामुळे पडलेला तुकडा तिच्या बोटांभोवती गुंडाळला जातो, प्रत्येक पावलागणिक आवळतो, रक्तप्रवाह थांबवतो आणि लक्ष गेले नाही, तर बोट काळे पडून झडते. लांब दोरा गिळला गेल्यास तो गळ्याखालच्या पिशवीत, जिथे दाणे आधी साठून भिजतात तिथे, गोळा होऊन अन्न अडवतो. म्हणून गुंडा झाकणाच्या डब्यात ठेवून छिद्रातून दोरा बाहेर घ्यावा आणि कापलेली टोके तिथल्या तिथे डब्यात टाकावीत.

कोंबड्यांसाठी स्वेटर विणण्याची हौस काहींना असते, पण तिला आवर घालणेच त्या पाखरांच्या हिताचे आहे. पिसांमध्ये अडकलेली हवा कोंबडीला पुरेशी ऊब देते, उलट स्वेटर पिसे दाबतो, भिजला तर थंडी वाढवतो, उवा-गोचिडांना आसरा देतो आणि धुळीत लोळून अंग साफ करण्याची तिची सवय अडवतो. त्याऐवजी अंडी गोळा करण्यासाठी कप्प्यांचे ॲप्रन विणावे. त्याचे कप्पे दाट मुक्या खांबांत घालावेत, कारण नुसत्या खांबांची सैल वीण वजनाने ताणली जाऊन अंडी एकमेकांवर आदळतात. आणि दोरा सुती घ्यावा, म्हणजे विष्ठेचे डाग लागलेले ॲप्रन गरम पाण्यात साबणाने स्वच्छ धुता येते.