जंतूंनाही होते बाधा!

सातवीच्या वर्गात विषाणू शिकवत होते. जंतूंनासुद्धा विषाणूंची बाधा होते म्हटल्यावर एका मुलीने विचारले, "बाई, मग ते विषाणू आपल्याला का नाही बाधत?" घंटा झाली म्हणून सुटले, पण घरी येऊन पुस्तके काढावीच लागली!

या विषाणूंना बॅक्टेरिओफेज किंवा नुसते फेज म्हणतात. हे नाव दिले फेलिक्स देरेल यांनी, १९१७ साली पॅरिसमध्ये. हगवणीचे जंतू मारणारे फेज त्यांना सापडले होते.

फेज मोठा चोखंदळ हो! त्याला आपणहून हलता येत नाही. तरंगत तरंगत तो जंतूवर आपटतो आणि त्याच्या शेपटीचे टोक जंतूच्या अंगावरच्या ठरावीक खुंटीत बसले, तरच आपला डीएनए आत सोडतो. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जंतूला बाधणारा लॅम्डा फेज घ्या. मोड आलेल्या धान्यात माल्टोज नावाची साखर असते. ती आत घ्यायला जंतूने जे दार ठेवलेले असते, नेमके तेच हा पकडतो. जंतूने दारच काढून टाकले तर जीव वाचतो. पण मग माल्टोज थोडी असली की ती आत घेणे जड जाते. आपल्या पेशींना असले दारच नाही, मग लॅम्डा धरणार कशाला?

बरे, आत शिरले म्हणजे जिंकले असेही नाही. आपण भांड्यांवर नावे घालतो ना, तशा जंतू स्वतःच्या डीएनएवर खुणा करून ठेवतो. खूण नसलेला डीएनए दिसला की कापून काढतो! या कात्र्यांवरच्या कामासाठी आर्बर, स्मिथ आणि नेथन्स यांना १९७८ चे नोबेल मिळाले.

आता औषधाचे बघा. अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतूही मरतात, म्हणून पुष्कळदा पोट बिघडते. फेज मात्र आपला जंतू सोडून इतरांच्या वाटेला जात नाही. जे जंतू औषधांना दाद देईनासे झालेत, त्यांच्यासाठी म्हणूनच फेजकडे डोळे लागलेत. पण हाच गुण नडतोही. एकाच नावाचा जंतू दोघा रोग्यांत असला तरी एकाला लागू पडलेला फेज दुसऱ्याला पडेलच असे नाही. जंतू तपासून फेज जुळवेपर्यंत दिवस जातात, आणि अत्यवस्थ माणसाला तेवढे दिवस कुठले? जॉर्जियात तिबिलिसीला १९२३ पासून फेजवर काम करणारी संस्था आहे. तिथे एका औषधात अनेक फेज मिसळतात, एक नाही तर दुसरा तरी लागू पडावा म्हणून.