हजेरीपटाबाहेरचा माणूस

कारखानदारीच्या विस्ताराबरोबर जे नवे व्यवसाय उदयास आले, त्यांत मनुष्यबळ अधिकाऱ्याचा व्यवसाय समाजाला सर्वांत कमी परिचित आणि तरीही असंख्य कुटुंबांच्या योगक्षेमाशी अत्यंत निकट संबंध असलेला असा आहे. यंत्र बिघडले तर अभियंत्याला बोलावतात आणि हिशेब चुकला तर मुनिमाला. परंतु माणूस कामावर का आला नाही, आला तर का टिकला नाही, आणि टिकला तर त्याच्या श्रमाचे मोल त्याच्या पदरात पडले की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्याने द्यावयाची तो हा अधिकारी होय. बेळगाव आणि निपाणी या सीमाभागात त्याचे काम विशेष बिकट आहे. कारण तंबाखूच्या वखारी, विड्यांचे कारखाने, लोखंड ओतणाऱ्या फौंड्र्या आणि साखर कारखाने हे सारे येथे एकाच जिल्ह्यात नांदतात, आणि प्रत्येकाची मजूर जमविण्याची रीत निराळी आहे. रीती निराळ्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी दुखणे मात्र एकच आहे. काम घेणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये तिसराच कोणी उभा असतो, आणि त्याच्या आडोशाला कष्टकऱ्याचे नाव हजेरीपटावर चढतच नाही. ज्या माणसाचे नावही आस्थापनेला ठाऊक नाही, त्याचे व्यवस्थापन ती कशी करणार?

हे दुखणे आजचे नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत मजूर भरण्याचा, त्याला बडतर्फ करण्याचा आणि प्रसंगी त्याच्याकडून दस्तुरी उकळण्याचा अधिकार मुकादमाच्या हाती एकवटला होता, आणि मालकाला आपल्याच गिरणीतील माणसे मुकादमाच्या तोंडून कळत असत. त्या काळी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० च्या जून महिन्यात रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवून दिली. कामगाराचे गाऱ्हाणे मुकादमाला वगळून थेट मालकापर्यंत पोहोचू शकते, हे त्या लढ्याने सिद्ध केले. पुढे व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने, ज्याचे एक सभासद ना. म. जोशी हे होते, १९३१ च्या अहवालात अशी शिफारस केली की, भरतीचा आणि बडतर्फीचा अधिकार मुकादमाकडून काढून घ्यावा व त्यासाठी स्वतंत्र श्रम अधिकारी नेमावा. १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था स्थापन झाली आणि अशा अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची सोय झाली; १९४८ च्या कारखाना कायद्याने तर पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. म्हणजे आज ज्याला आपण मनुष्यबळ अधिकारी म्हणतो, त्याचे पद मुळात मुकादमाच्या जागी माणसाची थेट ओळख ठेवणारा कोणी असावा म्हणूनच निर्माण झाले. आपल्या पदाचा हा वंशवृक्ष जो अधिकारी विसरतो, तो पगारपत्रके बिनचूक तयार करूनही आपले मूळ कर्तव्य चुकतो.

आता निपाणीकडे वळू. या परिसरातील काळ्या जमिनीत पिकणारी विडीची तंबाखू शेतातून वखारीत येते, तेथे ती वाळवून, कुटून, चाळून तिची प्रतवारी होते, आणि या कामातील फार मोठा वाटा पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी उचलला आहे. नाकातोंडात जाणारा तंबाखूचा खकाणा, तुटपुंजी मजुरी, कामाच्या तासांना नसलेली मर्यादा आणि दाद मागावी तर उद्या काम न मिळण्याची भीती, अशा स्थितीत राबणाऱ्या या हजारो स्त्रियांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटना उभारली. त्या चळवळीवर युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली १९८२ साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट काढला, आणि छाया दातार यांनी तिचा अभ्यास करून ग्रंथ लिहिला. त्याच परिसरात १९८१ साली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले होते व ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा शेतकऱ्यांचा बळी गेला होता. पीक काढणारा आणि त्याच पिकावर राबणारी, अशा दोघांनाही एकाच काळात रस्त्यावर यावे लागले, यावरून त्या व्यापारात मेहनतीचे मोल कसे केले जात होते याची कल्पना यावी.

या घटनांतून मनुष्यबळ शास्त्राच्या विद्यार्थ्याने घ्यावयाचा बोध असा की, संघटना ही व्यवस्थापनाची वैरी असते हा समज मुळातच चुकीचा आहे. किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी, भविष्यनिर्वाह निधी, पाळणाघर, या मागण्यांपैकी कोणती मागणी एखाद्या जागरूक अधिकाऱ्याने आपण होऊन दप्तरात नोंदवावी अशी नव्हती? जेथे गाऱ्हाणे ऐकण्याची नित्याची व्यवस्था नसते, तेथे ते एके दिवशी मोर्चाच्या रूपाने ऐकावे लागते.

विडीचा धंदा तर याहूनही गहन कोडे घालतो, कारण विडी वळणारी स्त्री बहुधा कारखान्यात येतच नाही. ठेकेदाराकडून तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत घेऊन ती घरी बसून विड्या वळते, हजारावर मजुरी घेते, आणि ज्या विड्या सदोष ठरतात त्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात. तिला कामाची वेळ नाही, तिच्या घराला कारखान्याची भिंत नाही, मग तिला कामगार कसे म्हणावे, हा मालकपक्षाचा युक्तिवाद होता. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या स्त्रीलाही कामगाराच्या व्याख्येत घेतले, तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली वैध ठरविला, आणि १९८५ साली पी. एम. पटेल आणि सन्स यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने घरी वळणाऱ्या स्त्रियांना भविष्यनिर्वाह निधी लागू असल्याचा निर्वाळा दिला. या शेवटच्या निकालातील विचार मननीय आहे: विडी नापसंत करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याचेच त्या कामावर नियंत्रण आहे, आणि ज्याचे नियंत्रण आहे तो मालक होय. छाट काढण्याची जी सत्ता स्त्रीची मजुरी कापण्यास उपयोगी पडत होती, तीच सत्ता मालकाची जबाबदारी सिद्ध करणारा पुरावा ठरली.

निकाल लागला तरी नावाचा प्रश्न संपला नाही. माहेरचे नाव एका दाखल्यावर, सासरचे दुसऱ्यावर, कानडी लिपीत एक उच्चार, मराठीत दुसरा आणि इंग्रजीत तिसरा, अशी एकाच स्त्रीची अनेक नावे कागदोपत्री फिरू लागली की, निधी तिच्या हक्काचा असूनही अर्जातील नाव खात्यातील नावाशी जुळत नाही म्हणून तो अडकून पडतो. तरुण अधिकाऱ्याला ही बाब क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु आयुष्यभर विड्या वळून बोटे झिजविलेल्या स्त्रीच्या दृष्टीने तिच्या नावातील एक चुकलेले अक्षर म्हणजे म्हातारपणाचा गेलेला आधार होय. रुजू होतानाच सारे दाखले पडताळून एकच नाव निश्चित करणे, हे या भागातील अधिकाऱ्याचे एक अत्यंत पुण्यप्रद काम आहे असे मी मानतो.

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींत चित्र पालटते. तेथील फौंड्र्या आणि यंत्रभागांचे कारखाने ही या शहराची मोठी मिरासदारी आहे. साचा घालणे, भट्टीतील रस ओतणे, थंड झालेला भाग घासूनपुसून साफ करणे ही कामे उष्णतेची, धुळीची आणि कौशल्याची आहेत. आणि ज्यांच्या घरात हे कौशल्य वाडवडिलांपासून आले, त्यांचीच मुले आता शिकून दुसरीकडे जाऊ पाहतात. त्यांच्या जागी उत्तर भारतातून व ओडिशातून माणसे येतात, आणि ती बहुधा कंत्राटदाराच्या मार्फत येतात. कंत्राटाने माणसे घेणे सोयीचे खरे, पण हात निष्णात होईतो दोनतीन वर्षे जातात, आणि कंत्राट बदलले की तो निष्णात हात कंत्राटदाराबरोबर निघून जातो. ज्या कारखान्याने १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा उपयोग स्वस्त मजुरीसाठी न करता खऱ्या शिक्षणासाठी केला, उस्तादाच्या हाताखाली मुलगा ठेवून पुढे त्याला कायम करण्याची वाट मोकळी ठेवली, त्यालाच उद्याचा कारागीर मिळणार.

स्थानिक कामगाराची अडचण वेगळी आहे. त्याचा एक पाय कारखान्यात आणि दुसरा शेतात असतो. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, पुढे गणपती, त्यानंतर सुगी, मग गावची जत्रा आणि सौंदत्तीची यल्लम्मा, असे त्याचे वर्ष चालते, आणि कारखान्याचे वर्ष मात्र मागणीपत्रांच्या तारखांनी बांधलेले असते. या दिवसांतील गैरहजेरीला बेशिस्त समजून दंड करणारा अधिकारी दर वर्षी तोच दंड करतो आणि दर वर्षी तीच गैरहजेरी पाहतो. तीनचार वर्षांचे हजेरीपट शेजारी ठेवून वाचले, तर कोणत्या आठवड्यात किती माणसे उणी पडतील हे आधीच कळते. मग रजेची पाळी ठरविणे, यंत्रांची डागडुजी त्याच दिवसांत काढणे आणि जत्रेला न जाणाऱ्यांना पुढे सवलत देणे शक्य होते.

सीमेमुळे उद्भवणारे प्रश्न मात्र खास या मातीतले आहेत. निपाणीहून कागलची औद्योगिक वसाहत जवळ, पण ती दुसऱ्या राज्यात. दोन्हीकडचे किमान वेतन निराळे आणि सुट्ट्यांचे कायदे निराळे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याप्रमाणे कंत्राटदाराने कागलहून निपाणीस आणलेला, रात्री घरी जेवायला जाणारा मजूर स्थलांतरित ठरत होता, आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या बिदरहून आलेला, महिनोन्‌महिने कुटुंब न पाहिलेला मजूर मात्र ठरत नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी स्वतः होऊन परराज्यात आलेल्यालाही या व्याख्येत घेतले आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आवश्यक केले, हे स्वागतार्ह आहे. पण दूरवरून आलेल्या माणसाचे एकाकीपण राज्याच्या हद्दीवरून मोजता येत नाही, हे अधिकाऱ्यानेच जाणले पाहिजे.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक. कर्नाटकात १ नोव्हेंबर हा राज्योत्सवाचा दिवस, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेचे शल्य उरी बाळगणारे मराठी भाषक तोच दिवस काळा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी परस्परविरुद्ध भावनांनी भारलेली माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच भट्टीसमोर उभी राहतात, आणि एकाने ओतलेला रस दुसऱ्याने सांभाळावयाचा असतो. राजकारणाचा निवाडा करणे हे अधिकाऱ्याचे काम नव्हे. परंतु १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने नियम व सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची आज्ञा दिली, तिचा आत्मा त्याने जपलाच पाहिजे. धोक्याची सूचना मराठीत, कानडीत आणि हिंदीत लावल्याने कोणाच्या अस्मितेला बाध येत नाही, उलट कोणाचा तरी हात वाचतो. भाषा कोणतीही असो, न समजलेला नियम मोडला म्हणून शिक्षा करणे हा अन्याय आहे.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात मुकादम तर आजही राज्य करीत आहे. निपाणीचा हालसिद्धनाथ असो वा संकेश्वरचा हिरण्यकेशी, या भागातील गळीत हंगाम तोडणी मजुरांच्या टोळ्यांवर अवलंबून असतो. टोळी मुकादमाची, उचल मुकादमाच्या हाती, आणि नवराबायको मिळून एक कोयता. त्या एका कोयत्यात बायकोचे श्रम अर्धे असूनही तिचे नाव कोणत्याही वहीत येत नाही. कारखान्याच्या आतील कायम कामगारांचे वेतन करारांनी ठरते आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बैलगाडीतील स्त्री मात्र निनावी राहते, ही विषमता ज्या अधिकाऱ्याला टोचत नाही, त्याने आपल्या पदाच्या नावातील ‘मनुष्य’ या शब्दाचा पुन्हा विचार करावा.

या सगळ्यांत अधिकाऱ्याची स्वतःची कोंडीही ध्यानात घेतली पाहिजे. त्याचा पगार मालक देतो, आणि त्याच्याकडून न्यायाची अपेक्षा कामगार करतो. मालकाला तो कामगारांचा वकील वाटतो व कामगारांना मालकाचा हस्तक. व्हिटले आयोगाने हे ओळखले होते, म्हणूनच श्रम अधिकारी मुख्य व्यवस्थापकाखेरीज इतर कोणाच्याही हाताखाली नसावा, असा त्याचा आग्रह होता. आज अनेक ठिकाणी हा अधिकारी उत्पादन विभागाच्या तगाद्याखाली दबलेला असतो, आणि माणसे पुरविणे एवढेच त्याचे काम उरते. मग तोही नकळत एक सुशिक्षित मुकादम बनतो.

म्हणून सीमाभागातील उद्योजकांना आणि या व्यवसायात पडणाऱ्या तरुणांना माझे कळकळीचे सांगणे एवढेच आहे की, हजेरीची नवी यंत्रे आणि संगणकाचे तक्ते अवश्य आणावेत, परंतु त्याआधी आपल्यासाठी राबणाऱ्या प्रत्येक माणसाची, मग तो कंत्राटदाराचा असो, घरी बसून विड्या वळणारी असो वा टोळीतील अर्धा कोयता असो, थेट नोंद करावी. तिची मजुरी तिच्याच हाती, तिला समजणाऱ्या भाषेतील चिठ्ठीसह द्यावी. आणि तिचे गाऱ्हाणे मध्यस्थाविना ऐकण्यासाठी आठवड्यातील एक ठरावीक वेळ राखून ठेवावी. यासाठी फार खर्च लागत नाही, मुकादमाच्या सोयीचा मोह तेवढा सोडावा लागतो. तो सोडण्याचे धैर्य ज्या कारखान्याने दाखविले, तेथे माणसे टिकतील, हुन्नर टिकेल आणि धंदाही टिकेल. ज्याने दाखविले नाही, त्याला माणसे मिळत नाहीत अशी तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.