चामडी बुटांची चैन

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या पायांत वर्षानुवर्षं ॲक्शनचे ट्रेकिंग शूज दिसत आले आहेत. स्वस्त, हलके, कातळावर पकड धरणारे. ओढ्यात पाणी शिरलं तरी चालता चालता निथळणारे. इथल्या डोंगरांना याहून जास्त काही लागत नाही, असं जुने ट्रेकर सांगतात आणि त्यात तथ्य आहे. तरीही घोटा झाकणारे, जाड चामड्याचे भारी बूट अनेकांच्या मनात घर करून असतात. हिमालयातला एखादा बर्फाळ ट्रेक ठरतो आणि त्या निमित्ताने पंधरा-वीस हजारांचं धाडस होतं. घरी किंमत सांगताना त्यातले काही हजार गळतात, तो भाग वेगळा.

पुण्यातल्या एका दुकानात संध्याकाळी अशीच खरेदी चालली होती. घेणाऱ्याने जाड लोकरी मोजे घरूनच आणले होते. संध्याकाळची वेळही मुद्दाम निवडलेली, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि डोंगरातही फुगतात. नाड्या सैल ठेवून त्याने पाय पार पुढे सरकवला, टाचेमागे बोट शिरतंय का ते पाहिलं. मग नाड्या आवळून तो दुकानातल्या लाकडी उतारावर खाली तोंड करून उभा राहिला आणि पाय आपटले. अंगठा पुढे टेकला. अर्धा नंबर मोठा मागवला, तर त्यात टाच उचलली जाऊ लागली. विक्रेत्याने घोट्याच्या पुढे, जिथे पाय वाकतो तिथे, नाडीला दुहेरी पीळ देऊन गाठ मारली. टाच जागेवर बसली. लांबच्या उतरणीवर ज्याचं नख काळंनिळं पडलंय, त्याला या खटाटोपाचं महत्त्व सांगावं लागत नाही.

बूट उलटा केला की तळाला अनेकदा व्हिब्रमचं पिवळं अष्टकोनी चिन्ह दिसतं. त्यामागे एक दुर्घटना आहे. 1935 मध्ये इटालियन आल्प्समधल्या पुंता रासिकावर वादळात सापडून सहा गिर्यारोहक दगावले. व्हिब्रमचे संस्थापक विताले ब्रामानी त्या मोहिमेत होते. तेव्हा पायथ्यापासून खिळ्यांचे जड बूट घालायचे आणि कातळ चढताना हलकी पादत्राणं, अशी रीत होती. बर्फात ती हलकी पादत्राणं निरुपयोगी ठरली. दोन्हीकडे चालेल असा खोल खाचांचा रबरी तळ ब्रामानींनी पिरेली या टायर कंपनीच्या मदतीने 1937 मध्ये आणला. 1954 मध्ये के-2 प्रथम सर करणाऱ्या इटालियन तुकडीच्या बुटांना हेच तळ होते. अर्थात पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या बसाल्टवर कुठल्याही चिन्हावर भरवसा ठेवू नये. गुडघाभर ओढ्यात तर वॉटरप्रूफ अस्तराचा उलटाच ताप: वरून शिरलेलं पाणी आतच साठतं.

खरी मेख मात्र तळ आणि चामडं यांच्यामधल्या मऊ थरात असते. अनेक भारी बुटांत तो पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने हे रसायन हळूहळू विघटित होतं, बूट वापरा किंवा न वापरा. जपून माळ्यावर ठेवलेल्या, जेमतेम घातलेल्या बुटांचा तळ काही वर्षांनी ट्रेकच्या पहिल्याच दिवशी भुगा होऊन निघतो, तो यामुळेच. कोकणातल्या दमट घरांत तर धोका जास्तच.

तेव्हा पैसे मोजण्याआधी मधला थर कशाचा आहे आणि तळ बदलून मिळतो का, हे दोन प्रश्न जरूर विचारा. चामडं पायाला सरावायला वेळ घेतं, म्हणून ट्रेकची वाट न पाहता नवे बूट घालून भाजी आणायला जा. लोक हसतील, हसू द्या.