श्वास आणि प्राण

मंडळी, आपल्या रोजच्या बोलण्यात श्वास किती वेळा येतो ते पाहा. कोणी घाई करू लागला, की आपण म्हणतो, "अरे, जरा दम धर." चुकलेले वासरू रात्री गोठ्यात परतले, की म्हणतो, "जिवात जीव आला." फार भ्यालो, तर प्राण कंठाशी येतात. श्वास, जीव आणि मन यांचे नाते आपल्या आजी-पणजीला एक अक्षरही न वाचता ठाऊक होते.

जुन्या काळच्या ऋषींनी आणि बौद्ध भिक्षूंनी या नात्याचा मोठा अभ्यास केला. तो कसा केला, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

प्राण म्हणजे काय?

छांदोग्य उपनिषद हा फार जुना ग्रंथ आहे. त्यात एक गोष्ट आहे. एकदा वाणी, डोळे, कान, मन आणि प्राण यांच्यात भांडण लागले. जो तो म्हणे, मीच मोठा. ते प्रजापतीकडे गेले. प्रजापती म्हणाला, "जो गेल्यावर शरीराची दशा सर्वांत वाईट होईल, तो मोठा." मग वाणी वर्षभर निघून गेली. माणूस मुका झाला, पण जगला. डोळे गेले, कान गेले, तरी जगला. मन गेले, तेव्हा तान्ह्या मुलासारखा जगला. शेवटी प्राण निघू लागला. घोडा उधळला म्हणजे दावणीचे खुंटे उपटतो ना? तसे बाकीचे सगळे उपटून निघू लागले! तेव्हा सर्वांनी हात जोडले, "बाबा, तू जाऊ नकोस. तूच मोठा."

या एका प्राणाची ऋषींनी पाच नावे मानली: प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान. हेच आपले पंचप्राण.

येथे एक घोटाळा टाळावा. दवाखान्यात रोग्याला नळीने देतात, त्या वायूला मराठीत प्राणवायू म्हणतात. हवेच्या १०० भागांत तो सुमारे २१ भाग असतो. तो मोजता येतो. ऋषींचा प्राण म्हणजे हा वायू नव्हे. ती जीवनशक्ती. ती कोणत्या यंत्राने मोजलेली नाही. ती श्रद्धेची आणि साधनेच्या अनुभवाची गोष्ट आहे. श्वास मात्र सर्वांना कळतो. म्हणून साधकांनी प्राणाकडे जायचे दार म्हणून श्वास धरला.

श्वासाला वळण लावणे

पतंजली मुनींनी योगाची आठ अंगे सांगितली. त्यांत प्राणायाम चौथा आहे. पहिली तीन अंगे यम, नियम आणि आसन. म्हणजे खरे वागणे, चोरी न करणे, स्वच्छ राहणे, स्थिर बसणे, हे आधी. श्वासाचे काम त्यानंतर. श्वास आत घेणे म्हणजे पूरक, आत धरून ठेवणे म्हणजे कुंभक आणि बाहेर सोडणे म्हणजे रेचक.

योग्यांनी माणसाचे श्वासही मोजले. दिवसरात्र मिळून २१,६०० श्वास, असा त्यांचा हिशेब. तुम्ही पाटीवर करून पाहा. मिनिटाला १५, तासाला ९०० आणि २४ तासांचे २१,६००. मोठा माणूस शांत बसला असता मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, असे आजचे डॉक्टर सांगतात. जुना हिशेब त्यात बरोबर बसतो.

आपल्याकडे नाथपंथाने ही विद्या चालविली. ज्ञानेश्वर महाराजांना ती वडील बंधू निवृत्तिनाथांकडून मिळाली. १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. तिच्या सहाव्या अध्यायात महाराजांनी हा योग मराठीत उघडा करून सांगितला. पुढे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था काढली. प्राणायामाने शरीरात काय बदल होतात, हे त्यांनी यंत्रे लावून तपासले.

श्वास नुसता पाहणे

भगवान बुद्धांनी दुसरी वाट दाखविली. ज्ञान मिळण्यापूर्वी त्यांनीही कडक तप केले. नाक-तोंड बंद करून श्वास कोंडला. डोके भयंकर दुखू लागले, अंगाचा दाह झाला, पण ज्ञान मिळाले नाही. तेव्हा त्यांनी तो मार्ग सोडला. पोटाला अन्न घेतले आणि बोधगयेला पिंपळाखाली शांत बसले.

पुढे त्यांनी शिष्यांना जी साधना शिकविली, तिचे नाव आनापानसती. आन म्हणजे आत येणारा श्वास, अपान म्हणजे बाहेर जाणारा, सती म्हणजे जागे भान. श्वास लांब असला तर लांब आहे हे जाणायचे, आखूड असला तर आखूड आहे हे जाणायचे. कोंडायचा नाही, ओढायचा नाही. मन पळाले, तर रागवायचे नाही. गुराखी चुकार गाय वळवून आणतो, तसे ते श्वासाकडे आणायचे.

तिबेटातले बौद्ध साधक प्राणाला वारा म्हणतात. त्यांच्या मते वारा हा घोडा आणि मन हा स्वार. घोडा बिथरला, तर स्वार स्थिर कसा बसेल?

ब्रह्मदेशात ही विद्या गुरूकडून शिष्याकडे चालत राहिली. तेथे ती शिकून सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले. १९७६ साली नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायला शिकवितात. त्याची फी नाही.

जपून असावे

एका वाटेने श्वासाला वळण लावले, दुसरीने तो नुसता पाहिला. पण जबरदस्ती करू नये, हे दोन्हीकडे सांगितले आहे. हत्ती किंवा वाघ जसा हळूहळू माणसाळवतात, तसाच प्राण वळवावा, घाई केली तर साधकाचाच घात होतो, असे हठयोगाच्या ग्रंथातच बजावले आहे. म्हणून पुस्तक वाचून किंवा जत्रेत पाहून श्वास कोंडू नये. हृदयाचे दुखणे किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर मुळीच कोंडू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. "मी प्राणशक्तीने रोग काढतो, औषध बंद कर," असे कोणी म्हणाला, तर त्याचे ऐकू नका. दम्याचे औषध श्वास साधल्याने सुटत नाही. दोन आठवडे खोकला राहिला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाचे औषध तेथे फुकट मिळते. ते मध्येच सोडले, तर रोग उलटतो आणि घरच्यांनाही लागतो. साधना मनासाठी करावी, रोगासाठी औषध घ्यावे.

एवढे संभाळून श्वास पाहायला हरकत नाही. आम्ही शाळेत परीक्षेच्या दिवशी मुलांना आधी दोन मिनिटे डोळे मिटून बसवीत असू. थरथरणारे हात थांबत आणि मगच आम्ही प्रश्न वाटीत असू. तुम्हीही दिवेलागणीला पाठ सरळ ठेवून बसा. नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहा. एक ते दहा मोजा. मोजणी चुकली, तर पुन्हा एकपासून सुरू करा. रोज पाच मिनिटे पुरेत.