उपवासाचं ताट आणि रक्तातली साखर

साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदकं असतात, प्रथिनं मात्र एक ग्रॅमही नाहीत. म्हणून खिचडीनं साखर झपाट्यानं चढते, बटाटा घातला की आणखीच. दाण्याचं कूट हा वेग थोडा रोखतं. ते सढळ हातानं घालावं आणि खिचडी अर्ध्या वाटीवर थांबवावी. सोबत काकडीची कोशिंबीर, बिनसाखरेचं ताक. राजगिऱ्यात प्रथिनं बरी, १०० ग्रॅममागे १३ ग्रॅमच्या आसपास. भगरीतही कर्बोदकं भरपूर, तेव्हा तीही मोजूनच.

खरी काळजी कडक उपवासाची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना पोट रिकामं राहिलं, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणं. लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. उपवास मोडला तर मोडू द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा. औषधांचे डोस आणि वेळा श्रावण लागण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मनानं गोळी बंद करू नका.